लहान दगड डावीकडे

मोतीबिंदू काढल्यानंतर आभाळकर पहिल्यांदाच सलूनच्या खुर्चीत बसले, आणि इतकी वर्षं ज्या आरशात त्यांना एक पांढुरका ढग आणि त्याच्याभोवती फिरणारी कात्री एवढंच दिसायचं, त्या आरशात त्यांना स्वतःचं तोंड दिसलं. ते फारसं आनंददायक नव्हतं. चष्मा काढून ठेवला की जग पुसट होतं, या भरवशावर तर माणूस दुसऱ्याच्या हाती मान देतो. आता चष्माच उरला नव्हता. गळ्याखालची कातडी, कानांतले केस, सगळा तपशील कुणीतरी समोर मांडून ठेवल्यासारखा. तो बघवेना म्हणून त्यांनी नजर खांद्यावरून मागे नेली. मागच्या भिंतीवर डोंगर होता. डोंगर ओळखीचा, जवळजवळ नात्यातलाच. आभाळकरांनी तो छापखान्यात स्वतःच्या हातांनी तयार केला होता आणि कॅलेंडरचं वर्ष सरल्यावर खालच्या तारखा कापून सलूनवाल्याला भेटही दिला होता. त्याच डोंगराची दुसरी प्रत घरी पलंगासमोर होती. पण घरच्या डोंगराचं नाक, म्हणजे त्याचा पुढे आलेला सुळका, डावीकडे होतं, आणि आरशातल्या डोंगराचं उजवीकडे. आरसा आहे, उलटं दिसणारच, अशी समजूत घालून ते डोळे मिटणार, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतल्या तरुणाने आपला फोन सलूनवाल्यापुढे धरला. तो नुकताच त्या डोंगराच्या राष्ट्रीय उद्यानातून फिरून आला होता आणि भेटेल त्याला फोटो दाखवल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसावं. सलूनवाल्याने फोन घेतला, मान हलवली, आणि कौतुकात वाटेकरी हवा म्हणून तो आभाळकरांच्या नाकासमोर आणला. फोनमधल्या डोंगराचं नाक उजवीकडे होतं. फोनमध्ये आरसा नव्हता. "हललात कशाला?" सलूनवाला म्हणाला आणि तुरटी शोधायला लागला. आभाळकरांच्या कानामागे थोडं रक्त आलं होतं.

आभाळकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते छापखान्याने दिलेलं. फोटोवर शेवटचा हात फिरवायचं त्यांचं काम, आणि त्यातही आभाळ ही त्यांची खासियत. विजेच्या तारा पुसणं, कावळे काढून टाकणं, पांढऱ्याफटक दुपारला निळा रंग चढवणं आणि एखादा ढग फारच मोकळा वाटला तर त्याला सोबत म्हणून दुसरा ढग देणं. मालक नव्या गिऱ्हाइकाला त्यांची ओळख करून देताना म्हणायचे, यांच्या हाताखालून गेलेल्या आभाळाला पाऊस पडायची हिंमत होत नाही. लग्नपत्रिकेवरचा सूर्योदय असो की खताच्या जाहिरातीतला सूर्यास्त, दोन्ही आभाळकरांच्या टेबलावर एकाच बशीतून निघायचे. आणि फोटो उलटा टाकणं तर त्या धंद्यात रोजचंच. फिल्म पालथी केली की उजवीकडचं डावीकडे. गाय पानाबाहेर बघत असेल तर तिला पानात बघायला लावायचं, बाळाचा हसरा गाल मजकुराच्या बाजूला आणायचा, बस्स. फक्त तीन गोष्टींना जपायचं असा मालकांचा दंडक होता. अक्षरं, घड्याळं आणि शर्टाची बटणं. त्यांच्यावरून चोरी उघडी पडते. डोंगराला बटणं नसतात. सलूनमधून घरी येताना, कानामागे कापूस दाबून धरून, आभाळकरांना तो दिवस आठवला. म्हणजे आठवला असं त्यांना वाटलं; अशा दिवसांची इतकी गर्दी होती की हाच तो कशावरून. कंपनीचं नाव उजवीकडच्या आभाळात बसवायचं होतं आणि नाक आडवं येत होतं. मालक दारातूनच म्हणाले असतील, पालथा घाला, डोंगराला काय कळतंय. आणि त्यांनी घातला असेल. चहा पितापिता.

डोंगराला खरंच काही कळलं नाही. प्रश्न बायकोचा होता. तिने त्या डोंगराचं नाव नाकाड्या ठेवलं होतं आणि शेवटच्या आजारपणात, उठणं बंद झाल्यावर, नाकाड्या तिच्या पलंगासमोर आला. औषधांच्या बाटल्या, उशी, खिडकीचा पडदा आणि नाकाड्या, एवढ्यात तिचं राज्य आटोपलं. फोटोच्या खालच्या बाजूला, दरीच्या काठावर, दोन दगड होते. एक मोठा आणि सपाट, एक त्याच्या डावीकडे, लहान, पाटासारखा. त्यांच्याकडे आभाळकरांनी कधी लक्ष दिलं नव्हतं. ते वरच्या मजल्यावरचे कारागीर. पण पडून राहणाऱ्या माणसाला बसायच्या जागा फार दिसतात. एके सकाळी ती म्हणाली, "अहो, लहान दगड डावीकडे आहे बघा. माझ्यासाठीच ठेवलाय कुणीतरी." यात गंमत अशी की तिचा डावा कान लहानपणीच्या तापात गेला होता. लग्नाआधी हे कुणी सांगितलं नाही, आणि नव्या नवलाईत आभाळकर एक अख्खी संध्याकाळ तिच्या डाव्या बाजूने आपले विचार ऐकवत बसले. ती समोर बघून मंद हसत राहिली. मुलगी गर्विष्ठ आहे असं त्यांचं पक्कं मत झालं. मग तिने त्यांना दंडाला धरून दुसऱ्या बाजूला वळवलं आणि म्हणाली, आता बोला, ती खिडकी बंद असते. तेव्हापासून रस्त्यावर, बाकावर, डॉक्टरकडे, फोटोत, ती कायम त्यांच्या डाव्या हाताला. उजवा कान त्यांच्याकडे. ती गेल्यावरही ते रस्त्याने चालताना डावीकडे एका माणसाची जागा सोडून चालतात, आणि लोकांना ती मोकळी वाटून लोक त्या जागेतून भसाभस निघून जातात.

नाकाड्याच्या सहलीची सगळी आखणी तिने पलंगावर पडूनच केली. दगड गार असणार, सतरंजी घ्यायची. थर्मासची गळकी टोपी बदलून आणायची. मोठ्या दगडावर तुम्ही, लहानावर मी. ऊन मागून येईल. मग आखणीतून ती हळूहळू स्वतःला वगळायला लागली, इतक्या सहजपणे की ते आधी आभाळकरांच्या ध्यानातच आलं नाही. सतरंजीच्या दोन घड्यांऐवजी एक घडी पुरेल, असं ती म्हणाली. आणि एका दुपारी, भात चिवडताना म्हणाली, मी नसले तरी जाऊन बसून या. मोठ्या दगडावर बसा. डावीकडचा रिकामा ठेवा. "आणि काहीतरी बोला. नुसते ढिम्म बसू नका." आभाळकर हो म्हणाले. आजारी माणसाला सगळे हो म्हणतात; पण ती डावीकडून ऐकण्याचं सोंग करणाऱ्यांतली नव्हती, तिने उजव्या कानाने तो हो नीट ऐकून घेतला आणि उरलेला भात संपवला.

तो हो आता दोन उन्हाळे घरात पडून होता. आभाळकरांना त्याची घाई नव्हती. डोंगर कुठे पळून जातोय, असं ते मुलीला म्हणायचे. आता मात्र तो पळाला नसला तरी कूस बदलून झोपलाय असं कळलं होतं. त्या रात्री ते पलंगाच्या कडेवर बसून नाकाड्याकडे बघत राहिले. दगड खरोखर उजवीकडे असेल तर ती उजवीकडे बसणार, म्हणजे बंद खिडकी त्यांच्या बाजूला येणार, म्हणजे एवढं लांब जाऊन, घसा साफ करून ते जे बोलतील ते सगळं पहिल्या संध्याकाळसारखंच वाया. माणूस गेल्यावर त्याचा कान बरा होतो की कसं, याबद्दल सांत्वनाला आलेल्या कुणीच काही सांगितलं नव्हतं. बाकी सगळं सांगितलं होतं. मनात असंही आलं की फोटो भिंतीवर पुन्हा पालथा करून लावावा, म्हणजे फिट्टंफाट. पण पाठीमागे कागद पांढरा होता.

मुलगी दूरदेशी. तिने फोनवर आधी एकटे जाऊ नका म्हटलं, मग जायचंच तर सहलीबरोबर जा म्हटलं, आणि शेवटी अट घातली की रोज स्वतःचा एक फोटो काढून पाठवायचा, म्हणजे बाबा उभे आहेत एवढं तरी तिला कळेल. त्यासाठी फोनचा पुढचा कॅमेरा कसा उघडायचा ते तिने तीनदा समजावलं आणि तिसऱ्यांदा आवाज चढवला, तेव्हा आभाळकरांना समजलं. सहलीच्या बसमध्ये सर्वांना पिवळ्या टोप्या वाटण्यात आल्या. टोपीवर सहलवाल्याच्या संस्थेचं नाव होतं. बस हलायच्या आधी आभाळकरांनी पहिला फोटो काढायला फोन समोर धरला, तर पडद्यावर टोपीवरची अक्षरं उलटी. जन्मभराची सवय उसळून आली. सहलवाल्याला बोलावून माल परत पाठवायला सांगणार, इतक्यात बोट बटणावर पडलं आणि निघालेल्या फोटोत अक्षरं सुलट. त्यांनी पुन्हा करून बघितलं. पडद्यावर उलटं, बटण दाबलं की सुलट. म्हणजे फोन दाखवताना आरसा होता आणि ठेवताना फोटो. कुणी न सांगता, चहाही न पिता, एका बोटासरशी तो फिल्म पालथी घालत होता. मालक असते तर आभाळकरांना त्याच दिवशी घरी बसवलं असतं.

दोघांच्या आसनावर ते उजव्या बाजूला बसले. एका जाड गृहस्थांची पिवळी टोपी त्यांच्यापाशी येऊन थांबली आणि इथं कुणी आहे का, असं विचारू लागली. आभाळकर हो म्हणाले. म्हणायचं नव्हतं, तोंडातून गेलं. मग नाइलाजाने त्यांनी डावीकडच्या जागेवर पिशवी ठेवली. टोपी पलीकडच्या रांगेत बसली. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. सहलीत सगळे त्यांना बँकवाले म्हणू लागले आणि त्यांनाही ते आवडलं. बस सुटली, गाव संपलं, घाट लागला, तरी पिशवीच्या जागी कुणी आलं नाही, आणि बँकवाले अधूनमधून त्या पिशवीकडे असं बघत राहिले, जणू तिने जागा धरलेलं माणूस कधी ना कधी सही करायला येणारच. वळणांवर पिशवी कलंडायची. आभाळकर तिला सावरून बसवायचे. आत सतरंजी होती, एका घडीची, आणि नव्या टोपीचा थर्मास.

उद्यानाच्या दारात पाट्यांचं जंगल होतं, खरं जंगल त्याच्या मागे सुरू होत होतं. फुलं तोडू नयेत, दगड उचलून नेऊ नयेत, माकडांना खायला देऊ नये, माकडांच्या नजरेला नजर देऊ नये. ही शेवटची सूचना आभाळकरांनी दोनदा वाचली. हवेला लाकडाचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. सहलवाल्याने शिट्टी वाजवून दिवसभराचे कार्यक्रम सांगितले. दोरीला लटकून दरी ओलांडणे, तळ्यात होड्या वल्हवणे, कड्यावर चढणे, आणि ज्यांना यातलं काहीच झेपणार नाही त्यांच्यासाठी निसर्गसौंदर्य. बँकवाले आणि आभाळकर निसर्गसौंदर्यात गेले. पण निसर्गसौंदर्य त्या दिवशी बंद होतं. डोंगराच्या जागी करडा ढग उभा होता, पायथ्यापासून वरपर्यंत, भिंतीसारखा. लोक कठड्याला टेकून ढगाचे फोटो काढत होते. वनरक्षक म्हणाला, त्याच्या मनात येईल तेव्हा उघडतो. आभाळकरांना हे लागलं. टेबलावर असता तर त्यांनी हा ढग जेवणाच्या सुट्टीआधी काढून टाकला असता, मागे निळं भरलं असतं आणि कुणाला शिवणसुद्धा दिसली नसती. आता ते हात खिशात घालून उभे होते. ढगात एकदा थोडं गडद झाल्यासारखं वाटलं, नाकाचं टोक असावं, कोणत्या बाजूला ते कळायच्या आत गेलं. त्यांना बरं वाटलं. ज्याचा निकाल लागलेला नाही त्याच्यावर आणखी एक रात्र काढता येते.

निवासाच्या खोलीत दोन पलंग होते. रिकाम्या पलंगावर चादर ताठ घातलेली, पायाशी घडी घातलेला टॉवेल. आभाळकर झोपायच्या आधी दिवा मालवायला गेले आणि हात बटणावर ठेवून उभे राहिले. घरी आधी विचारायची सवय होती, मालवू का. भिंतीवर फोटो नव्हता, फक्त एक खिळा. त्यांना आठवलं, शेवटच्या दिवसांत तिची मान एका बाजूला कलून सरळ होईनाशी झाली तेव्हा त्यांनी पलंगच फिरवला होता, म्हणजे नाकाड्या समोर राहील. किती खटाटोप केला त्या चुकलेल्या डोंगरासाठी. आणि तिला जर कळलं असतं? ती हसली असती. किंवा हसली नसती; म्हणाली असती, मग मी जायचं कुठे, ते सांगा. या प्रश्नापाशी येऊन त्यांची झोप थांबली आणि सकाळपर्यंत तिथेच बसून राहिली.

सकाळी डोंगर उघडला होता. आभाळात एक तार नाही, एक पक्षी नाही. आभाळकरांना त्यात करण्यासारखं काही सापडलं नाही, निळासुद्धा त्यांनी कधी छापला त्यापेक्षा साधा होता. नाक उजवीकडे. ठसठशीत, निर्लज्जपणे उजवीकडे, जणू तो जन्मापासून तसाच होता. आणि तसाच होता. कठडा जिथे संपत होता तिथे दोन दगड होते. डावीकडे मोठा, उजवीकडे लहान, बसून बसून गुळगुळीत झालेले. त्यांच्यासमोर रांग लागलेली होती. एकेक कुटुंब दगडांवर बसायचं, डोंगराकडे पाठ करायचं, फोन उंच धरायचं, हसायचं, आणि हसू आवरून पुढच्याला जागा द्यायचं. डोंगराकडे तोंड करून कुणी बसतच नव्हतं. रांगेत उभे असताना बँकवाले मागून बोलत राहिले, त्यांच्या शाखेत टोकन पद्धत कशी होती आणि इथे ती का हवी. आभाळकर ऐकत नव्हते. एका पोराने लहान दगडावर वेफरचं पाकीट ठेवलं होतं. ते उचललं जाईपर्यंत त्यांची नजर तिथून हलली नाही.

पाळी आली. त्यांनी मोठ्या दगडावर सतरंजीची घडी ठेवली आणि ठरल्याप्रमाणे डोंगराकडे तोंड करून बसले. ऊनही समोरून आलं. उजवीकडे लहान दगड होता. त्यांनी तिकडे मान वळवली, घसा साफ केला आणि थांबले.  तिकडे बंद खिडकी होती. डावीकडे वळून बघितलं तर तिकडे दगडच नव्हता, दोन हातांवर दरी. एवढ्यासाठी आलो, असं त्यांना वाटलं, आणि त्यात राग नव्हता, नुसती घरी कुलूप लावलंय की नाही ते न आठवल्यासारखी एक पोकळी. मागे रांग चुळबुळली. कुणीतरी म्हणालं, आजोबांना बरं नाही का. बँकवाले मदतीला पुढे झाले. "अहो आभाळकर, उलटे बसलात," ते म्हणाले. "पाठ डोंगराकडे करायची. तोंड इकडे. सगळे तसेच बसतात."

आभाळकरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग ते उठले, सतरंजी सारखी केली आणि वळून बसले. डोंगर पाठीमागे गेला. ऊन पाठीवर आलं. आणि लहान दगड त्यांच्या डाव्या हाताला आला, इतका मुकाट, की तो कधी दुसरीकडे होता यावर विश्वास बसू नये. त्यांनी खिशातून फोन काढला, मुलीने सांगितल्याप्रमाणे पुढचा कॅमेरा उघडला आणि हात लांब केला. पडद्यावर पिवळी टोपी, टोपीवर उलटी अक्षरं, खाली एक म्हातारा. त्याच्या मागे नाकाड्या, नाक डावीकडे, आणि लहान दगड डावीकडे. पलंगासमोरच्या भिंतीवर होता तसा. फक्त कंपनीचं नाव नव्हतं.

बँकवाले भला माणूस. एकट्याचा फोटो बरा दिसत नाही, मी बसतो शेजारी, असं म्हणत ते लहान दगडाकडे निघालेसुद्धा.

"तिथं नको," आभाळकर म्हणाले. "आहे तिथं कुणीतरी."

बँकवाल्यांनी दगडाकडे बघितलं. बसमधल्या पिशवीकडे बघायचे तसंच बघितलं, पण या वेळी जरा जास्त वेळ. मग त्यांनी डोक्यावरची पिवळी टोपी काढून हातात घेतली, दोन पावलं मागे सरकले आणि रांगेकडे तोंड करून, शाखेतला आवाज लावून म्हणाले, "थांबा हो जरा. दोघांचा फोटो आहे."

आभाळकर डावीकडे किंचित झुकले आणि बोलू लागले. रांगेत ते ऐकू गेलं नाही. थोडं थर्मासबद्दल होतं, थोडं मुलीबद्दल, आणि मग त्यांनी सांगितलं की डोंगर त्यांनीच पालथा पाडला होता आणि त्याला निदान इथून पाहिलं तर काही झालेलं नाही. बोलताना ते पडद्याकडे बघत होते. हात भरून आला होता, पडदा थरथरत होता, त्यात नाकाड्याही थरथरत होता. अंगठा बटणाजवळ होता. दाबलं की डोंगर सुलट होणार आणि लहान दगड उजवीकडे जाणार, हे त्यांना ठाऊक होतं.

रांगेतल्या एका बाईने दोन्ही हातांचा कर्णा करून सांगितलं, "आजोबा, खालचं गोल बटण. पांढरं."

आभाळकरांनी मान हलवली, बटण दिसतंय अशा अर्थाने, आणि दुसरा हात पहिल्या हाताखाली आधाराला घेतला. रांगेत हळहळ पसरली. म्हाताऱ्याला बिचाऱ्याला फोटो काढता येत नव्हता.